सुकतीत टेकलेली बोट

मी बेलापूरजवळच्या दिवाळे गावाची सून आहे, लेक नव्हे, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी पाण्याबद्दल काही चुकीचं बोलले तर त्याचा दोष गावाला नको. माझा जन्म कोपरखैरण्याचा. वडील साताऱ्याकडचे, तुर्भ्याच्या मार्केटात पाठीवर गोणी वाहायचे. आमच्या घरात पाणी म्हणजे नळाचं पाणी, आणि मासा म्हणजे पावसाळ्यात भाकरीबरोबर तोंडी लावायला केलेली सुकट. अशा घरातल्या मुलीने कॉलेजात भेटलेल्या कोळ्याच्या मुलाशी लग्न केल्यावर नातेवाइकांना वर्षभर पुरेल एवढा विषय मिळाला. एका मावशीने तर मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "रोज मासेच खातात का गं ते?" मी म्हटलं, "नाही मावशी, सोमवारी नाही खात."

लग्नाला आता बरीच वर्षं झाली. मी पावण्याच्या एका कारखान्यात स्टोअरला आहे. आलेला माल उघडून बघायचा, ठोकून बघायचा, आणि पसंत पडला तरच सही करायची, हे माझं काम. स्वभावही तसाच झालाय. बाजारात मी भाजीवाल्याला नकोशी वाटते आणि नवऱ्याला कपडे घ्यायला माझ्याबरोबर यायचं म्हटलं की त्याचं डोकं दुखायला लागतं.

मागच्या हिवाळ्यात आमच्या घरात दोनच विषय होते, रूम आणि बोट.

नवऱ्याकडे त्याच्या वडिलांच्या वेळची लाकडी होडी आहे. ती घेऊन तो खाडीत जाळं टाकतो. पूर्वी त्या खाडीने सगळं गाव पोसलं. आता जाळ्यात माशांपेक्षा पिशव्या जास्त येतात. चिखलातल्या निवट्या मिळतात, कोळंबी कधी मिळते कधी नाही, आणि आठवड्यातले निम्मे दिवस तो कुणाचा तरी टेम्पो चालवतो. टेम्पोवरून आला की गप्प असतो. जाळं रिकामं आलं तरी होडीवरून आलेला माणूस मात्र बडबडत घरात शिरतो. हे मी कधी त्याला बोलून दाखवलं नव्हतं.

रूम माझ्या मनातली होती. घणसोली गावात एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. गल्ली एवढी अरुंद की समोरच्या घरातली फोडणी आपल्या घरात येते. पण भाडेकरू कधी कमी पडत नाहीत, आणि महिना भरला की हातात भाडं. डोक्याला ताप नाही. बोट नवऱ्याच्या मनातली होती. उरणजवळच्या करंजाच्या एका बोटमालकाने मुलासाठी दर्यात मासेमारीला जाणारा नवा लहान ट्रॉलर बांधून घेतला होता. मुलगा मोठ्या जहाजावर नोकरीला लागला आणि परदेशी गेला. ट्रॉलर नवाच्या नवा उभा. नवऱ्याच्या मोबाइलमध्ये त्याचे इतके फोटो होते की आमच्या लग्नाचेही तेवढे नसतील.

गंमत म्हणजे दोन्हींची किंमत सारखीच होती. जी रूमची तीच बोटीची. आणि कर्ज मिळणार होतं ते माझ्या पगाराच्या स्लिपवर, म्हणजे सही माझी. नवरा मला एकदाही "बोट घेऊया" असं म्हणाला नाही. नुसता जेवताना मोबाइल माझ्यासमोर ठेवायचा आणि म्हणायचा, "बघ ना, जाळं ओढायला विंच कसला भारी बसवलाय." मी म्हणायचे, "आमटी सांडेल त्याच्यावर."

शेवटी मीच म्हटलं, "माल दारात आल्याशिवाय मी सही करत नाही. आण तुझी बोट इथे."

करंजा ते दिवाळे म्हणजे उरणला वळसा घालून, बंदरातल्या जहाजांच्या बाजूने, समुद्रावरच्या त्या लांबलचक नव्या पुलाखालून, मग खाडीत आत. कुणी गिऱ्हाइकाच्या हट्टापायी एवढं डिझेल जाळत नाही. पण करंजाच्या मालकालाही बोट विकायची होती. दशमीला सकाळी भरती लागते, तेव्हा पाण्यावर येतो आणि पाणी उतरायच्या आत निघतो, असा त्याचा निरोप आला.

त्या सकाळी थंडी होती. धक्क्यावर अर्धं गाव जमलं होतं. आमच्याकडे आजकाल डोक्यावरून विमानं इतकी खाली येतात की बाहेरची माणसं मान वर करून उभी राहतात, गाववाले बघतही नाहीत. त्या दिवशी मात्र सगळे एकाच दिशेला डोळे लावून बसले होते. खाडी काठोकाठ भरली होती. पाणी तिवरांच्या झाडांत शिरलं होतं.

आधी इंजिनचा आवाज आला. मग तिवरांच्या शेंड्यांवरून एक निळं टोक सरकत येताना दिसलं. खाली बोट दिसत नव्हती, नुसतं टोक, झाडांवरून चालत आल्यासारखं. मग वळण संपलं आणि ती सगळीच्या सगळी समोर आली.

मी फोटो पाहिले होते. फोटोत ती बोट होती. समोर आली ते काहीतरी वेगळंच होतं. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, आमच्या घराच्या पत्र्याएवढं उंच. निळा रंग, त्याला लाल पट्टा, आणि पुढे दोन्ही बाजूंना काढलेले डोळे. ती आली तशी खाडी लहान झाली. इतकी वर्षं जी खाडी मला ओलांडायला भीती वाटायची, ती एकदम गटारासारखी अरुंद दिसायला लागली. आमची होडी तिच्या बाजूला बांधलेली होती, ती तर बिचारी लाकडी चप्पल वाटत होती. माझ्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं. शेजारच्या एका म्हातारीने माझ्याकडे बघून मान डोलावली, म्हणजे मी पहिल्यांदाच काहीतरी शहाणपणाचं बोलले असावे.

नवऱ्याकडे बघितलं. तो हसत नव्हता. देवळात मूर्तीसमोर उभं राहिल्यावर माणूस जसा हात कुठे ठेवावेत हे विसरतो, तसा उभा होता.

आता रीत सांगते. आमच्या घरात नवी होडी पहिल्यांदा धक्क्याला लागली की तिला ओवाळतात. नाळेला हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात, आणि तिच्यावरून आलेल्या माणसांना जेवू घातल्याशिवाय परत पाठवत नाहीत. सासूबाई काठापदराचं लुगडं नेसून ताट घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी आयुष्यभर बेलापूरच्या बाजारात मासळी विकलीय. त्यांचा आवाज असा की रस्त्याच्या पलीकडचं गिऱ्हाईक दचकून इकडे येतं.

मी त्यांच्या कानाशी लागून म्हटलं, "आई, अजून विकत घेतली नाहीये आपण."

"घेतली नाय, पन आयलीय ना आपल्या दारान?" त्या म्हणाल्या. "दारान आयलेलीला अशीच पाठवशील?"

करंजाचा मालक म्हातारा, कोरडा माणूस. तो सारखा म्हणत होता, "आयबाय, पानी हाय तवर निंगू द्या." त्यावर नवरा म्हणाला, "काका, अजून तासभर पाणी हलत नाय. दोन घास खाऊन जा." आणि तो लगेच इंजिनच्या खणात उतरला. तिथून त्याचे नुसते पाय दिसत होते.

ओवाळणं लांबलं. बायकांनी गाणी म्हटली. मग मालकाला आणि त्याच्या खलाशाला घरी आणलं. तांदळाच्या भाकऱ्या, चिंबोरीचं कालवण, वर सुका बोंबील. सासूबाईंचं कालवण पानात पडल्यावर उठून जाणारा माणूस अजून जन्मायचाय. तो कोरडा मालकही पाघळला आणि दुसऱ्यांदा भाकरी मागून घेतली. नवरा एव्हाना बोटीवरून येऊन त्याच्याशेजारी बसला होता आणि विंचबद्दल विचारत होता. पाण्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. या गावात पोरं घड्याळाआधी भरती-ओहोटी शिकतात. कोळणी बोटांच्या पेरांवर तिथी मोजून पाणी कधी येणार ते सांगतात. त्या सगळ्यांना त्या सकाळी पाणी विसरायला झालं, कारण सगळे बोट बघत होते.

मी हात धुवायला बाहेर गेले. आमच्या मागच्या दारातून धक्का दिसतो. मला बोट जरा वाकलेली दिसली, कुणी खिडकीतून खाली डोकावून बघावं तशी. मला वाटलं, असेल त्यांची काही पद्धत. आत येऊन सहज म्हटलं, "बोट थोडी कललीय का?"

चार माणसं ताटावरून उठली. सासूबाईंचा हात कालवणाच्या पातेल्यात तसाच राहिला.

आम्ही धावलो तेव्हा पाणी निम्म्याहून खाली गेलं होतं. काय घडलं ते मला नंतर समजलं. आमच्या खाडीतल्या होड्या तळाला सपाट असतात. ओहोटी, इथल्या बोलीत सुकती, लागली की कोंबडी अंड्यांवर बसावी तशा चिखलात बसतात आणि भरतीला उठतात. पिढ्यान्‌पिढ्या हेच. "पाणी गेलं तर गेलं, बसेल" असं इथल्या प्रत्येकाच्या मनात कुठेतरी असणार. पण दर्यात जाणाऱ्या बोटीला पोटाखाली लांब कणा असतो. ती बसू शकत नाही. पाणी गेलं की ती आडवी होते. हे मालकाला माहीत होतं, पण त्याने कालवणावर आणि नवऱ्याच्या शब्दावर भरवसा ठेवला. नवऱ्यालाही माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि लक्षात असणं वेगळं.

ती शेजारच्या जुन्या, ढासळलेल्या धक्क्याच्या बाजूला कलत होती, आणि त्या बाजूला चिखलात त्याचे मोठाले दगड पडले होते. त्या दगडांवर तिचं अंग जोरात टेकलं असतं तर फळ्या फुटल्या असत्या.

"फुटली तर तुमच्या गल्यान!" मालक ओरडला. त्याचा आवाज फाटला होता. "माज्या पोराची बोट हाय ती!"

पुरुष चिखलात उतरले. कुणी बांबू लावले, कुणी पलीकडच्या बाजूने दोर ताणून धरला. पण ते वजन बांबूंना दाद देईना. एक बांबू कडाडून मोडला. नवरा दगडांवर उभा राहून तिच्या अंगाला खांदा देऊन होता. एवढ्या मोठ्या धुडाला एका माणसाने खांदा देऊन काय होणार? पण तो हलेना. तो तिच्याशी बोलत होता. काय ते ऐकू येत नव्हतं, ओठ हलताना दिसत होते.

"खाली घाला कायतरी! मऊ घाला!" सासूबाई ओरडल्या. "टायर आना, गोन्या आना!"

आणि मी धावले. मला स्वतःलाच कळलं नाही मी कुठे चाललेय. घरात शिरले, कपाट उघडलं आणि गोधड्या काढल्या. माझ्या आईने लग्नात दिलेल्या. तिच्या आणि आजीच्या जुन्या लुगड्यांच्या, हाताने घातलेल्या टाक्यांच्या, ज्या मी पाहुण्यांनाही कधी दिल्या नाहीत. सगळी चळत छातीशी धरली आणि धक्क्यावरून तशीच चिखलात उडी मारली.

लग्नानंतर एवढ्या वर्षांत मी त्या चिखलात पाय घातला नव्हता. गुडघ्यापर्यंत आत गेले, मग मांडीपर्यंत. एक पाय काढला की दुसरा रुतत होता. चप्पल कुठे गेली देव जाणे. मी गोधड्या डोक्यावर धरून त्या निळ्या भिंतीच्या दिशेने सरकत होते आणि ती भिंत माझ्या डोक्यावर झुकत होती. मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. मला फक्त एवढंच कळत होतं की हिला लागता कामा नये.

नवऱ्याने मला बघितलं. त्याच्या तोंडावर चिखल होता, नुसते डोळे दिसत होते. माझ्या हातात काय आहे ते त्याने ओळखलं.

"तुझ्या आईच्या हायत त्या," तो म्हणाला.

"घे आधी," मी ओरडले. "नंतर भांड."

दगडांवर टायर, टायरांवर गोणी, गोणींवर माझ्या गोधड्या. मग तो मागे सरकला आणि त्याने मलाही मागे ओढलं. ती हळूहळू आली. एखादं दमलेलं जनावर आडवं होताना मोठा श्वास सोडतं तसा आवाज झाला, आणि ती टेकली. कुठे काही कडकडलं नाही.

मग दुपार झाली. आता रात्रीच्या भरतीपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं. मालक आमच्या ओट्यावर जाऊन बसला, शिव्या देऊन दमला आणि चहा मागायला लागला. गाव पांगलं. खाडीतलं पाणी पार निघून गेलं, आणि बोट चिखलात कुशीवर पडून होती, पोट उन्हाला उघडं टाकून.

मी घरी जाऊन पाय धुतले, आणि परत आले. मला राहवेना. दगडांवरून, फळ्यांवरून मी तिच्याभोवती फिरले. मी कारखान्यात रोज माल बघते. तिथे मी वस्तूत खोट शोधते, तेवढंच मला येतं. इथे मी खोट शोधायचं विसरून गेले. पाण्यात असताना बोटीचं अर्धं अंग आपल्याला दिसतच नाही. वरचा रंग, डोळे, झेंडे हे सगळं दाखवायचं. खरी बोट खाली असते. ते गरगरीत पोट, नाळेपासून मागे पंख्यापर्यंत कुठेही न अडखळता वळत गेलेलं. पितळी पंखा माझ्या छातीएवढा. मी त्याला हात लावला तर तो गार होता. कुण्या सुतारांनी हे पोट वाकवलं, हे अंग एवढं गुळगुळीत केलं, फक्त पाण्याने ते बघावं म्हणून. मला एकदम भरून आलं. माणसं असलंही काही बनवतात, आणि मी इतकी वर्षं रूमच्या बाथरूमच्या टाइल्स बघत फिरत होते.

सासूबाई मागून आल्या. त्या चिखलातून अशा चालतात की पाय बुडतच नाहीत. लहानपणापासून त्या याच चिखलात शिंपल्या गोळा करायच्या. त्यांनी बोटीच्या पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"सोन्यासारखी हाय," त्या म्हणाल्या. "अशी माज्या सासऱ्यानं पन पायली नसल."

मी म्हटलं, "मग घ्यायची ना?"

"मी सांगतंय, नको घेव."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. घरात सगळ्यांना वाटायचं, मलाही वाटायचं, की त्या बोटीच्या बाजूने आहेत आणि सुनेला वाईट वाटू नये म्हणून गप्प आहेत.

"ही आपल्या खाडीन राहनार नाय," त्या म्हणाल्या. "आज पायलंस ना तू? ही करंजालाच उभी राहनार. तो तिकरूनच दर्यान जानार, आठ आठ दिस. आमची होरी भरतीवर येते. माजा दादला तसाच यायचा. पानी पायरीला लागला का मी चुलीवर भात टाकायची. भात शिजेपरत मानूस दारान. सगला जनम मी पान्याकरं बगून त्याची वाट बगितली, पोरी. पानी आयला का मानूस आयला. तुला पानी येताना दिसल, आन तो येनार नाय. ही त्याची किंमत हाय. पैशाची काय सांगतंस?"

त्यांचे डोळे भरले होते. मासळी बाजारात भल्याभल्यांना गप्प करणारी बाई माझ्यासमोर रडत होती. मी त्यांचा हात धरला. त्यांनी मालाचं खरं वजन माझ्या हातात दिलं होतं आणि ते वजन मला पेलत नव्हतं.

आम्ही घरी आलो. नवरा बोटीच्या पलीकडच्या बाजूला होता, तो आला नाही. मी डबा घेऊन गेले तर तो बोटीच्या सावलीत एका टायरवर बसला होता, अंगावर चिखल वाळून पांढरा झालेला. मधूनच उठायचा, फळ्यांच्या सांध्यांवरून हात फिरवत पुढे जायचा, कुठे चीर पडली नाही ना ते बघायचा, आणि परत येऊन बसायचा. बोट त्याची नव्हती. कदाचित कधी होणारही नव्हती. मला माझे वडील आठवले. पाठ गेल्यावर त्यांचं मार्केट सुटलं. घरात बसले. घरी रोज होते, हातपाय धड होते, पेन्शनसारखं थोडंफार येत होतं, आईला सोबत होती. पण आई म्हणायची, "माणूस तिकडेच कुठेतरी राहिला गं." मी तेव्हा लहान नव्हते, तरी मला ते कळलं नव्हतं.

संध्याकाळ झाली तसं पाणी आलं. आधी चिखलाच्या भेगांतून, चोरासारखं. मग पसरलं. मग बोटीच्या पोटाला लागलं. गाव परत जमलं. दोर धरून माणसं उभी होती, पण ओढायला काही लागलंच नाही. सकाळी चाळीसेक माणसांना न आवरलेलं ते वजन त्या गढूळ, प्लास्टिकच्या पिशव्या वाहून आणणाऱ्या पाण्याने उचलायला सुरुवात केली. आवाज नाही, धक्का नाही. ती उठत होती. आधी कूस सोडली, मग हळूहळू सरळ झाली, आणि एका क्षणी कुठेच न टेकता ती नुसती उभी होती. माझ्या गोधड्या तिच्या बाजूने वर तरंगत आल्या. मी हात जोडले. कुणाला जोडले ते मला विचारू नका. बोटीला, पाण्याला, ज्याने कुणी हे असं ठरवून ठेवलंय त्याला.

मालक आमच्याजवळ आला. दिवसभराच्या रागाने आणि चहाने त्याचा चेहरा मऊ झाला होता. "बोट वाचीवलीत तुमी," तो म्हणाला. "आता बोला. घेताव का नाय?"

सासूबाईंनी तोंड फिरवलं. नवरा त्यांच्याकडे बघत होता. दुपारी आम्ही काय बोललो ते त्याला माहीत नव्हतं, पण आईची पाठ त्याला वाचता येत असणार.

"नको काका," तो म्हणाला. "आमी रूमच घेतो."

एवढं बोलून तो खाली वाकला आणि पाण्यातली गोधडी पिळायला लागला. विनाकारण पिळत होता, पिळत होता.

मला इतका राग आला! त्याचा नाही, सासूबाईंचा नाही, माझा स्वतःचाच आला असेल. मी त्याच्या हातातली गोधडी ओढून घेतली.

"सही माझी आहे ना? मग मला विचार," मी म्हटलं. "रूमचं भाडं मला येईल. पण तू त्या भाड्यावर घरात बसलेला मला बघवणार नाही. काका, आम्ही घेतोय."

मी पाहिलं, नवऱ्याच्या तोंडावरचा वाळलेला चिखल दोन्ही गालांवरून ओला होत खाली येत होता.

सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. कागदपत्रं झाली, कर्ज झालं, बोट आमची झाली, तरी बोलल्या नाहीत. जेवायला वाढायच्या, पण ताट ठेवायच्या आणि जायच्या. नवरा करंजाहून पहिल्यांदा दर्यात गेला त्या दिवशी मी रजा काढून तिथवर गेले होते. बोट बंदराबाहेर पडली आणि बघता बघता लहान झाली. दिवाळ्यात जिने खाडी लहान केली होती, ती तिथे तांदळाच्या दाण्याएवढी दिसत होती. एवढ्या पाण्यावर आपला माणूस गेला. मी तिथल्या बाकावर बसले आणि खूप वेळ उठले नाही.

मग दिवस गेले. फोन एकदा लागला, पुढे लागेना. सासूबाई भरतीच्या वेळी मागच्या दारात जाऊन बसायच्या, पाणी पायरीला लागलं की उठून आत यायच्या. मी बघायचे आणि न बघितल्यासारखं करायचे. रात्री मला झोप येत नव्हती. मी चूक केली, असं मी स्वतःला शंभरदा म्हटलं असेल.

तो आला एका भर दुपारी. खाडी कोरडी होती, नुसता चिखल उन्हात चकाकत होता. पुढच्या दाराशी रिक्षा थांबली. सासूबाई मागच्या दारात पाठ करून बसल्या होत्या. कुणीतरी "आये" म्हणालं तशी त्यांनी मान वळवली. घरात तो उभा होता. उन्हाने काळा पडलेला, दाढी वाढलेली, हातात पापलेटांची पिशवी, आणि तोंडाची बडबड सुरू, की आये, सरंगे बघ, सरंगे.

त्या एकदा त्याच्याकडे आणि एकदा बाहेरच्या चिखलाकडे बघत राहिल्या.

"सुकतीला कसा रं आयलास?" त्या म्हणाल्या. "पानी तर नाय."

"उरणवरून रिक्षा केली, आये," तो म्हणाला.

त्या उठल्या आणि त्यांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मग त्यातल्याच एका हाताने मला जवळ ओढलं. त्यांच्या तळहाताला मिठाचा वास येत होता. त्या बोलल्या तेव्हा ते फक्त मला ऐकू आलं.

"भात टाक," त्या म्हणाल्या.